डेबियनचं हँडबुक लिहिणाऱ्या दोघांना

राफाएल हेर्झोग आणि रोलाँ मास यांना,
स.न.वि.वि.

आमच्याकडे लिनक्स बिघडलं की दोनच उत्तरं मिळतात. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारू. जाणकार म्हणवणारा एक कमांड पाठवतो, सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार) लावून पेस्ट कर म्हणतो, आणि तिच्यात '--फोर्स-ऑल' असतं. का बिघडलं, हे दोघंही सांगत नाहीत. तुम्ही डेबियनच्या, म्हणजे लिनक्सच्या एका मुक्त वितरणाच्या, हँडबुकात ते सांगितलंत, म्हणून हे पत्र.

अपडेट चालू असताना वीज गेली की डीपीकेजीचं, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम अर्ध्यावर अडकतं. फायली जागेवर पोचतात, पण पॅकेजची पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट (फायली बसल्यावर चालवायच्या कमांडा) चाललेली नसते. तेव्हा आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', आणि डिपेंडन्सी (त्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजं) अपुऱ्या असतील तर मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. तरीही अडलंच, तर '/वार/लिब/डीपीकेजी/इन्फो'मध्ये त्या पॅकेजची स्क्रिप्ट उघडून कुठे थांबलं ते वाचायचं. बहुतेक वेळा ती साधी शेल स्क्रिप्टच असते. फोर्स-ऑल काही दुरुस्त करत नाही. ते फक्त तपासण्या गुंडाळून ठेवतं आणि दुखणं पुढच्या अपडेटच्या गळ्यात घालतं.

डेब फाइल (डेबियनचं पॅकेज ज्या फाइलमध्ये येतं ती) 'एआर टी' या कमांडने उघडून दाखवलीत तेही फार मोलाचं: आत तीनच वस्तू, फॉरमॅटचा आकडा, कंट्रोलचं गाठोडं (पॅकेजची माहिती आणि स्क्रिप्ट), डेटाचं गाठोडं (प्रत्यक्ष फायली). 'रिमूव्ह' केल्यावरही 'डीपीकेजी -एल'च्या यादीत पॅकेजपुढे 'आरसी' का दिसतं, याचा उलगडाही मग होतो. सेटिंगच्या फायली मागे उरतात. त्या 'पर्ज'नेच जातात.

पण सगळ्यात भिडली ती एक लहानशी गोष्ट. हे पुस्तकच तुम्ही डेबियनच्या भांडारात पॅकेज म्हणून ठेवलंत. नेटवर्क बिघडतं नेमकं तेव्हाच ऑनलाइन मदत हाताशी नसते. अडलेल्या माणसाचा इतका आधीपासून विचार कोण करतं? 2012 साली लोकवर्गणीतून इंग्रजी आवृत्ती मुक्त परवान्यावर खुली केलीत, तीही याच वृत्तीने. 'मुळाशी जाऊ' अशा अर्थाच्या चौकटींत नवख्याला कुठेही कमी लेखलं नाहीत. येत असलेलं हातचं न राखता सांगणारी माणसं या क्षेत्रात आहेत, याचा फार आधार वाटतो.

आता नवं मशीन उभं केलं की पहिल्या अपडेटपाठोपाठ 'ॲप्ट इन्स्टॉल डेबियन-हँडबुक', नेट चालू आहे तोवरच. पुस्तक '/यूएसआर/शेअर/डॉक/डेबियन-हँडबुक'मध्ये सापडतं.

मनापासून आभार.

आपले,
डेबियन वापरणारे आणि सांभाळणारे काहीजण