माऊ, तो मसुदा फाडू नकोस

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सहा महिने खपून नियमांचा मसुदा केला, तर त्यांनी चर्चेलासुद्धा घेतला नाही. फाडून टाकते आता." मागून आई फोन मागत होती, म्हणून तेव्हा बोलणं राहिलं.

तू नेदरलँड्समधल्या लायडनला आहेस, तर तिथल्याच एका प्राध्यापकांबद्दल लिहितो. योहान रुडोल्फ टोरबेके. जन्म 1798, गाव झ्वोल. घरचा तंबाखूचा धंदा बसलेला. आता बेल्जियममध्ये असलेल्या गेंटला प्राध्यापकी मिळाली, पण 1830 मध्ये बेल्जियम क्रांती करून नेदरलँड्सपासून वेगळा झाला आणि तीही गेली. पुढच्या वर्षी ते लायडनला कायदा शिकवू लागले. 1839 मध्ये त्यांनी देशाच्या राज्यघटनेवर टिपणांचं पुस्तक काढलं. तेव्हा खालच्या सभागृहाचे सभासद प्रांतिक सभा निवडायच्या आणि मंत्री राजाला बांधील असायचे. पहिल्या आवृत्तीत टोरबेके जपूनच लिहितात. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती निघू लागली, तेव्हा मात्र घटना बदलायलाच हवी असं ते स्पष्ट म्हणू लागले. आपलंच मत तपासून बदलणारा हा माणूस मला फार आवडतो.

डिसेंबर 1844 मध्ये त्यांनी आणि खालच्या सभागृहातल्या आणखी आठ सभासदांनी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. पुढच्या वर्षी सभागृहाने तो बाजूला सारला. टोरबेके पुन्हा लायडनच्या वर्गात आले आणि शिकवत राहिले.

1848 च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजाला पळावं लागलं, मार्चमध्ये जर्मन राज्यं पेटली. नेदरलँड्सचा राजा विल्यम दुसरा घाबरला. चोवीस तासांत आपण सनातनी होतो ते उदारमतवादी झालो, असं तो स्वतःच म्हणाला. 17 मार्चला त्याने पाच जणांची समिती नेमली, टोरबेके तिचे प्रमुख. 11 एप्रिलला मसुदा तयार! महिनाही लागला नाही. लागणार कसा? जवळजवळ सगळं आधीच लिहून, खोडून, पुन्हा लिहून झालेलं होतं. माऊ, या तारखा मी दोनदा वाचल्या आणि मला तुझी फाइल आठवली.

3 नोव्हेंबरला नवी घटना जाहीर झाली. थेट निवडणूक आली, कारभाराची जबाबदारी मंत्र्यांवर आली, सभा-संघटनांचं स्वातंत्र्य आलं. मताचा हक्क मात्र ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच मिळाला, आणि ही उणीव लहान नव्हती. पुढच्या वर्षी टोरबेके सरकारचे प्रमुख झाले. त्यांच्या 1851 च्या नगरपालिका कायद्याबद्दल मी अधाशासारखं वाचलं, कारण माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात गेली. गावाला स्वतःचं काही ठरवता येणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. 1853 मध्ये कॅथलिक बिशपांच्या पुनर्स्थापनेवरून प्रॉटेस्टंट लोक खवळले आणि टोरबेके यांना पायउतार व्हावं लागलं. 1862 मध्ये ते परत आले आणि 1863 मध्ये माध्यमिक शिक्षणाचा कायदा केला.

1871 मध्ये ते तिसऱ्यांदा सत्तेवर आले. त्या वर्षी सतरा वर्षांच्या अलेट्टा याकोब्सने त्यांना पत्र लिहिलं: मला विद्यापीठात शिकू द्या. उत्तर आलं, पण तिच्या वडिलांच्या नावे, आणि परवानगी एका वर्षापुरती. पुढच्या वर्षी टोरबेके आजारी पडले, तरी तिला परीक्षांना बसण्याची कायमची परवानगी त्यांनी जाण्याआधी दिली. 4 जून 1872 ला द हेगमध्ये ते वारले. ती मुलगी नेदरलँड्समधली पहिली स्त्री डॉक्टर झाली.

तुझा मसुदा मला पाठव. इंग्रजीत असला तरी चालेल, शब्दकोश घेऊन बसेन. कुठलं कलम त्यांना खटकलं, तेही लिही. थंडीत कान झाकून जात जा, आईने मुद्दाम सांगितलंय.

तुझा,
बाबा