कुंडीला नावाची चिठ्ठी हवी

संपादक महाशय,

जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन पाहून परतताना मी रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून तीन फुलझाडे घेतली. नावे विचारली, तर पांढऱ्या फुलाची ती ‘लिली’ आणि उरलेली दोन ‘शोची’, एवढेच उत्तर मिळाले. आमच्या माहेरी लिली अंगणात भर उन्हात असायची. म्हणून मार्चमध्ये मी ती कुंडी दिवाणखान्यातून उचलून थेट गच्चीवर ठेवली. दोन दिवसांत पानांवर पांढुरके चट्टे पडले, मग ते तपकिरी झाले. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. फार वाईट वाटले.

ती पीस लिली होती, म्हणजे अळूच्या कुळातली. पांढरी ‘पाकळी’ एकच आणि तिच्या कुशीत दाणेदार दांडा. अळूचे फूल पाहिलेल्याला हे लगेच ओळखू येते. पानांत अळूसारखीच खाजरी स्फटिके असतात, त्यामुळे रांगत्या मुलापासून कुंडी दूर हवी. तिला उजेड लागतो, पण दुपारचे ऊन अजिबात सोसत नाही. दुसरे झाड लालपत्ती निघाले, पान खुडले की पांढरा चीक येतो. तिसरे कलांचो: मांसल पाने, चार पाकळ्यांच्या बारीक फुलांचे झुबके.

नर्सरीतली रोपे बहुधा सावलीसाठी ताणलेल्या हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. त्यामुळे ऊन मानवणारे झाडसुद्धा एकदम बाहेर काढू नये. कलांचो मी आधी चार दिवस व्हरांड्यातल्या सावलीत ठेवले, मग आठवडाभर सकाळी नऊपर्यंतच्या कोवळ्या उन्हात. आता ते पूर्वेच्या खिडकीबाहेर जाळीत आहे. पाऊस सुरू झाला की आडोशाला घेईन, नाहीतर मुळे कुजतात. पश्चिमेच्या बाल्कनीत मात्र एप्रिलमध्ये काहीच नेऊ नये, तिथे भिंतसुद्धा तापते. आणि कुंडी कठड्यावर तर कधीच नको. वळवाचा वारा सांगून येत नाही आणि खाली मुले खेळत असतात.

नर्सरीवाल्यांना आणि प्रदर्शनातल्या विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक कुंडीत मराठीत एक चिठ्ठी खोचा: झाडाचे नाव, ऊन की सावली, चीक किंवा खाज आहे का. मी आइसक्रीमच्या काड्यांवर शिसपेन्सिलीने लिहिते. शाई उन्हाने उडते, पेन्सिल टिकते. पीस लिलीला परवा नवे पान फुटले, तिच्या काडीवर मी ‘सावली’ दोनदा लिहिले आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे