गोठलेल्या तळ्यावर मुलांना नेण्यापूर्वी बर्फाची जाडी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांतून गोठलेल्या तळ्यांची छायाचित्रे झळकू लागतात. आपल्याही पुरवणीत ती येतात आणि ती देखणी असतात यात वाद नाही. रंगीत टोप्या घातलेली मुले, त्यांचे हात धरून घसरणारे आईवडील आणि मागे हिमाने झाकलेली झाडी पाहून कोणालाही तिथे जावेसे वाटेल. मात्र त्या दिवशी त्या बर्फाची जाडी किती होती, ती कोणी मोजली आणि तळ्यावर कोणत्या भागात जायचे नाही असे ठरले होते, हे अशा छायाचित्रांखालच्या मजकुरात माझ्या वाचनात आजवर आलेले नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आता थंड प्रदेशांत राहतात आणि हिवाळी सहलीला जाणारी कुटुंबेही वाढली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. २६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात वूड्स कॅन्यन या गोठलेल्या तलावावर चालत गेलेल्या भारतीय वंशाच्या तीन व्यक्ती बर्फ फुटून बुडाल्या, ही बातमी त्या वेळी आपल्याकडेही छापून आली होती. त्याच महिन्यात इंग्लंडमधील सोलिहल येथे गोठलेल्या तळ्यात पडून चार लहान मुलगे दगावले होते.

यावरून कोणी आइस स्केटिंगचा बेत रद्द करावा असे मी मुळीच म्हणत नाही. काही हिवाळे मी कुटुंबासह अशा प्रदेशात काढले आहेत आणि घरातल्या सर्व वयाच्या माणसांनी एकत्र करण्यासारख्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या आहेत, त्यांत तळ्यावरच्या स्केटिंगचा क्रमांक मी बराच वर लावीन. बंदिस्त रिंकमध्ये सगळ्यांना एकाच दिशेने, एकाच वेगाने गोल फिरावे लागते आणि धडपडणाऱ्या मुलाच्या अंगावर मागून कोणीतरी येऊन आदळते. तळ्यावर ज्याची त्याची वाट आणि वेग वेगळा असू शकतो. चार वर्षांचे मूल खुर्ची ढकलत पुढे सरकते, थोरला भाऊ लांब फेरी मारून येतो आणि आजोबा बुटांवरच चालत दोघांवर लक्ष ठेवतात. (खुर्ची हे नवशिक्यांचे उत्तम साधन आहे, पण मूल तिच्यावर ओणवे होऊन भार टाकू लागले की ती काढून घ्यावी, नाहीतर ते तोल सांभाळायला शिकत नाही, असे माझे मत आहे.) नव्याने गोठलेला स्वच्छ बर्फ असेल तर पायाखाली तळाचे दगड, पाणवनस्पती आणि बर्फात एकावर एक अडकून राहिलेले चपटे बुडबुडे दिसतात, आणि ते पाहण्यासाठी मुले स्केटिंग विसरून पोटावर पालथी पडतात.

हा बर्फ समजून घेणे अवघड नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे थंडी वाढू लागली की वरचे गार पाणी खाली बसत जाते आणि तळापर्यंतचे पाणी ४ अंशांवर आल्यानंतरच पृष्ठभाग आणखी थंड होऊन गोठू शकतो. उथळ भागात हे लवकर घडते आणि खोल भागात उशिरा, म्हणून एकाच तळ्याच्या दोन भागांतील बर्फाच्या वयात कित्येक दिवसांचे अंतर असू शकते. ओढा जिथे तळ्याला मिळतो ते मुख, पाणी जिथून बाहेर पडते ती जागा, तळातले झरे, दोन बेटांमधली चिंचोळी पट्टी, पुलाखालचा भाग, लव्हाळ्यांचा पट्टा, धक्क्याचे खांब आणि उन्हाने तापणारे काळे खडक या सर्व ठिकाणी थर पातळ राहतो. काठावर चांगला बर्फ लागला म्हणून पन्नास पावलांवरही तोच असेल, असे गृहीत धरण्यात अर्थ नसतो.

त्यात भर अशी की बर्फाची भार पेलण्याची शक्ती साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जाडी दुप्पट झाली की तो चौपट भार पेलतो आणि जिथे ती निम्मी होते तिथे पेलण्याची शक्ती एकदम चौथ्या हिश्श्यावर येते. ‘थोडासा पातळ’ असे आपण सहज म्हणतो, पण तो थोडासा फरकच माणूस पाण्यात जाण्यास पुरेसा असतो.

किती जाडी पुरेशी, याबाबत जाणत्या संस्थांचे आकडे उपलब्ध आहेत. मिनेसोटा राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते चालण्यासाठी नव्या, स्वच्छ बर्फाची किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर जाडी सांगते. कॅनेडियन रेड क्रॉस अधिक सावध आहे आणि एकट्याने चालण्यास किंवा स्केटिंग करण्यास १५, तर अनेकांनी मिळून स्केटिंग करण्यास २० सेंटीमीटर जाडी हवी असे सांगते. मुलांसह जाणाऱ्यांनी यातला मोठा आकडा धरावा, कारण कुटुंब कधीच विखरून उभे राहत नाही. कोणीतरी पडते, त्याला उठवायला सगळे गोळा होतात, मग तिथेच छायाचित्र काढले जाते आणि पाच-सहा जणांचा भार काही मिनिटे एका जागी स्थिर राहतो. शिवाय हे आकडे पारदर्शक, काळसर दिसणाऱ्या बर्फाचे आहेत. ओला हिम गोठून झालेला पांढरा, अपारदर्शक बर्फ त्याच्या साधारण निम्मा भार पेलतो असे मानतात, म्हणून तिथे दुप्पट जाडी लागते. पांढरा रंग डोळ्यांना भक्कम वाटतो आणि काळा भीतिदायक, हा आपल्या नजरेचा दोष आहे.

मोजण्याचे काम हातगिरमिटाने दोन मिनिटांत होते. भोक पाडत असताना आधी पांढरा भुगा येतो, मग गिरमिट एकदम सैल पडते आणि भोकात पाणी चढते. टोकाला हूक असलेली मोजपट्टी आत सोडून ती बर्फाच्या खालच्या कडेला अडकवली की जाडी कळते. भोकातल्या पाण्याकडेही नीट पाहावे. बर्फ पाण्यापेक्षा थोडाच हलका असल्याने १२ सेंटीमीटर जाडीच्या बर्फात पाणी वरच्या कडेच्या साधारण एक सेंटीमीटर खाली थांबायला हवे. ते उसळून पृष्ठभागावर पसरू लागले तर वरच्या हिमाच्या ओझ्याने थर दबला आहे असे समजावे. एका भोकावर विसंबू नये, पुढे सरकत ठिकठिकाणी मोजावे. स्वीडनमध्ये लांब पल्ल्याचे स्केटिंग करणारे लोक टोकदार लोखंडी फाळाची काठी जवळ बाळगतात आणि पुढचा बर्फ ठोकून पाहतात. आपल्याला पहारीने हे काम साधता येते.

हिमाविषयी एक गोष्ट मला नवख्या कुटुंबांना आवर्जून सांगावीशी वाटते. हिमाचा थर पांघरुणाचे काम करतो आणि त्याच्याखालचा बर्फ फारसा वाढत नाही. लोक फावड्याने हिम बाजूला करून एक आयताकृती मैदान तयार करतात, काही दिवसांत तो उघडा भाग गोठून चांगला जाड होतो आणि त्यावर सगळे निर्धास्त खेळू लागतात. मग चेंडू किंवा हॉकीची चकती मैदानाबाहेर जाते आणि ती आणायला धावलेले मूल नेमके अशा जागी पोहोचते, जिथे बर्फ मैदानापेक्षा बराच पातळ आहे आणि कडेला रचलेल्या हिमाच्या ढिगांचे ओझेही त्यावर आहे. म्हणून जाडी मोजताना मैदानाच्या बाहेरची जागा आधी मोजली पाहिजे.

आवाजाबद्दलही गैरसमज आहेत. कडक थंडीत जाड बर्फ आकुंचन पावतो, त्यात तडे जातात आणि तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमणारा आवाज ऐकून नवखे लोक काठाकडे पळतात. वसंत ऋतूच्या तोंडावर मात्र उन्हाने बर्फाचे स्फटिक एकमेकांपासून सुटे होतात, अखंड थराच्या जागी उभ्या मेणबत्त्यांचा जुडगा उरतो आणि असा बर्फ फूटभर जाड असला तरी कसलाही आवाज न करता पायाखालून निघून जातो. तेव्हा आवाज झाला म्हणून भिण्याचे कारण नाही आणि शांतता आहे म्हणून निश्चिंत राहण्याचेही.

‘कालपर्यंत लोक खेळत होते’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास ऐकू येतो. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील तळ्यावर १५ जानेवारी १८६७ रोजी शेकडो लोक स्केटिंग करत असताना बर्फ फुटला, सुमारे २०० जण पाण्यात पडले आणि त्यांपैकी ४० जणांचा मृत्यू झाला. आदल्याच दिवशी तिथे बर्फ फुटून २१ जण पाण्यात पडले होते. ते सगळे वाचले, रात्रीत पृष्ठभाग पुन्हा गोठला आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा जमले. पुढे ते तळे उपसून त्याची खोली बरीच कमी करण्यात आली.

ज्यांची परंपराच नैसर्गिक बर्फावर उभी आहे, ते लोक किती काटेकोर असतात तेही पाहण्यासारखे आहे. नेदरलँड्समधील अकरा शहरांना जोडणारी, सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत १९०९ पासून आहे. तिच्यासाठी सारा देश दर हिवाळ्यात डोळे लावून बसतो, तरीही मार्गावर १५ सेंटीमीटर बर्फ नसेल तर ती होत नाही. ४ जानेवारी १९९७ नंतर ती झालेलीच नाही. कॅनडातील ओटावा येथे रिडो कालव्यावरचा ७.८ किलोमीटरचा स्केटिंग मार्ग १९७० च्या दशकाच्या आरंभापासून दर हिवाळ्यात खुला होत असे, पण २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो प्रथमच एकही दिवस खुला झाला नाही, कारण आवश्यक ती ३० सेंटीमीटरच्या आसपासची जाडी बर्फाला आलीच नाही. हजारो लोकांची निराशा पत्करून या संस्था थांबतात आणि आपण मात्र मुलांना घेऊन निघताना नुसत्या नजरेवर भिस्त ठेवतो.

हवामान बदलाचा संबंध इथेच येतो. जपानमधील सुवा सरोवर कधी गोठले याच्या नोंदी तिथल्या पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवल्या आहेत आणि एकेकाळी जवळजवळ दर हिवाळ्यात गोठणारे ते सरोवर आता क्वचितच पूर्ण गोठते. ‘नाताळपर्यंत तळे पक्के होते’ यासारखे जुन्या रहिवाशांचे अनुभव त्यामुळे पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० देशांतील हिवाळ्यात बुडण्याच्या ४ हजारांहून अधिक घटना तपासल्या गेल्या आणि हिवाळ्याचे तापमान शून्याच्या जवळ सरकू लागले की असे मृत्यू वाढतात, असे दिसून आले. बर्फ दिसत असतो, पण तो पुरेसा जाड नसतो, असे हे दिवस असतात.

अपघात झालाच तर काय करायचे, हे बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यासाठी १-१०-१ असे सूत्र रूढ केले आहे. पहिल्या एका मिनिटात थंडीच्या धक्क्याने लागलेली धाप आवरायची, त्यानंतर हातपाय कामी येतात अशी साधारण दहा मिनिटे मिळतात आणि शरीर गारठून शुद्ध हरपण्यास साधारण एक तास लागतो. म्हणजे घाबरून पहिल्याच मिनिटात पाणी नाकातोंडात जाऊ दिले नाही, तर सुटण्यास वेळ असतो. ज्या बाजूने आलो त्याच बाजूला तोंड करावे, कारण तिकडच्या बर्फाने आपला भार पेललेला असतो. हात बर्फावर टाकून, पोहताना मारतो तसे पाय मारत शरीर आडवे करावे, बाहेर सरकावे आणि उभे न राहता लोळत दूर जावे. ओल्या बर्फावर नुसते हात घसरतात, म्हणून दोन टोकदार टोचे दोरीने गळ्यात अडकवलेले असावेत. काठावरच्यांनी धावत जवळ जाऊ नये, आडवे पडून दोर किंवा हॉकीची काठी पुढे करावी. आईबापांना हे ऐकणे जड जाईल, पण मुलामागे उडी घेणारा पालक बहुधा दुसरा बुडणारा ठरतो, आणि पाळीव कुत्र्यामागे जाणाऱ्यांबाबतही तेच घडते.

उबदार कपडे, डोक्यावर हेल्मेट आणि घोट्याला घट्ट बसणारे बूट या गोष्टी बहुतेक लेखांत असतात, त्यांची पुनरुक्ती करत नाही. निर्णय कधी घ्यायचा याबद्दल मात्र सांगितले पाहिजे. मोठ्या माणसांपैकी एकाने मुलांच्या आधी तळ्यावर जाऊन मोजणी करावी आणि मुले गाडीत किंवा घरात असतानाच होय किंवा नाही ते सांगावे. अर्धा तास खपून सगळ्यांच्या स्केट्सच्या नाड्या बांधून झाल्यावर ‘आज नको’ म्हणण्याचे धैर्य कोणातही उरत नाही, आणि मुलांच्या रडण्यापुढे २० सेंटीमीटरचा नियम सहज १० वर येतो.

आपल्या पुरवणीकडून माझी अपेक्षा माफक आहे. यापुढे गोठलेल्या तळ्यावरचे छायाचित्र छापताना त्या जागेची देखरेख कोण करते आणि बर्फाची जाडी कुठे जाहीर होते, हे दोन ओळींत द्यावे, आणि जिथे अशी देखरेख नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे. हिवाळा सुरू होण्यापूर्वी एखाद्या रविवारी मोजणी आणि सुटकेची पद्धत रेखाचित्रांसह दिली, तर परदेशातील नातेवाइकांना पाठवण्यासाठी अनेक वाचक ते कात्रण जपून ठेवतील. तो मजकूर तयार करण्यास साहाय्य हवे असल्यास मी ते आनंदाने करीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक