अंगझडतीचा अधिकार रक्षकांना कोणी दिला?

महोदय,

जिल्हा न्यायालयात नोकरीला असताना असंख्य पंचनामे माझ्या हाताखालून गेले. नीट लिहिलेल्या पंचनाम्यात छाप्याला आलेले पोलीस आणि पंच आधी स्वतःची अंगझडती देऊ करतात, मगच समोरच्याची घेतात. आरोपीच्या वाट्याला येणारी ही रीत पैसे मोजून गाणं ऐकायला आलेल्या ठाणेकराच्या वाट्याला मात्र येत नाही.

गेल्या महिन्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या मैदानावर एका कार्यक्रमाला गेलो होतो. फाटकावरच्या पुरुष रक्षकाने माझ्या पत्नीची पर्स टेबलावर पालथी केली. इन्सुलिनचं पेन हातात धरून ‘डॉक्टरची चिठ्ठी दाखवा’ म्हणाला. मागची रांग बघत होती. चिवड्याचा डबा तर थेट पिंपात गेला. (त्यात कसला घातपात? आत तसलाच चिवडा चौपट भावाने विकायला होता.)

धातुशोधक कमानीतून जायला माझी हरकत नाही. २६/११ नंतर कोणाचीच नसावी. पण खाजगी रक्षकाला पोलिसांचे अधिकार नाहीत. २००५च्या खाजगी सुरक्षा यंत्रणांच्या कायद्याने तर पोलिसांसारखा वा लष्करासारखा गणवेश घालणंही त्याला गुन्हा आहे; आमच्या फाटकावरचे निम्मे ठिपक्याठिपक्यांच्या लष्करी कपड्यांत होते! पोलिसांनासुद्धा झडतीला अटक, वाजवी संशय असं काही कारण लागतं. अटक झालेल्या स्त्रीची झडतीही स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९ सांगतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही कलम ५१ मध्ये हेच होतं.

आयोजक म्हणतात, तुम्ही संमती दिलीत. कधी दिली? मोबाइलवरच्या तिकिटाखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत अटी होत्या, त्यात म्हणे. झडती नको असेल तर आयोजकाने प्रवेश नाकारावा, तो त्याचा हक्क मी मानतो. मग तिकिटाचे पैसे तिथल्या तिथे परत द्यावेत. ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणून पैसे अडकवायचे आणि वर संमती म्हणायचं, हे कोणत्या न्यायात बसतं?

अशा कार्यक्रमांना पोलिसांची परवानगी लागते. त्या परवानगीपत्रातच महिला रक्षक, आडोसा, औषधांना मुभा आणि तिकीटविक्रीआधी मराठीतून स्पष्ट सूचना या अटी ठाणे पोलिसांनी घालाव्यात. पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल, तोवर वेळ आहे.

– एक निवृत्त न्यायालयीन लिपिक, नौपाडा, ठाणे