'सिया' म्हणजे तो की ती?

महोदय,

टोरांटोत माझ्यासोबत रात्रपाळी करणारा फिलिपिनो नर्स समलिंगी आहे. तगालोग भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द, 'सिया'. त्यामुळे या मातृभाषेत आईशी फोनवर जोडीदाराबद्दल तो वर्षानुवर्षं बिनधास्त बोलला, आईला पत्ता नाही! (मराठीत पहिल्याच क्रियापदाला बिंग फुटलं असतं.) कॅनडात समलिंगी विवाह २००५पासून देशभर कायदेशीर, फिलिपिन्समध्ये अजून मान्यता नाही.

डिसेंबरात 'सिम्बांग गाबी'च्या (नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या) प्रार्थनेनंतर त्यानं घरी पानसित (फिलिपिनो नूडल्स) खायला बोलावलं. शेजारच्या फिलिपिनो आजीही आल्या. त्यानं रीतीप्रमाणे त्यांचा हात कपाळाला लावला. मागोमाग त्याच्या गोऱ्या जोडीदारानंही, जरा अवघडत. आजींनी त्या जोडीदारालाच विचारलं, "उरलेलं डब्यात भरून देतोस ना?"

– एक वाचक, टोरांटो