बारावीचा डीएनए सिकलसेलवरून शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि डीएनएच्या धड्याबद्दल मला मनापासून लिहायचंय. रेप्लिकेशन (डीएनएची नक्कल), ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए), ट्रान्सलेशन (आरएनएवरून प्रोटीन), जीन एक्स्प्रेशन (जीन चालू-बंद होणं). हेलिकेज काय करतं, ओकाझाकी तुकडे कुठल्या धाग्यावर बनतात, स्टॉप कोडॉन कोणते, मुलं सगळं खाडखाड सांगतात आणि नीटला मार्कही मिळवतात. पण डीएनएतलं एक अक्षर बदललं म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांचे हाल होतात, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

सुरगाणा, पेठ, कळवणकडची बरीच मुलं नाशिकला हॉस्टेलवर राहून शिकतात, त्यातल्या काहींना सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार असतो. गेल्या थंडीत वर्गातली एक मुलगी मागच्या बाकावर गुडघे दाबत बसलेली, विचारलं तर म्हणाली हॉस्टेलवर सांगितलं की नाटकं करू नकोस, थंडी सगळ्यांनाच वाजते. तिच्या दप्तरात सिकलसेलचं कार्ड होतं, ते कुणी उघडून बघितलंच नव्हतं. अहो, थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं यानेच तर हे दुखणं उसळतं!

होतं काय, तर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, तिचा जीन अकराव्या क्रोमोसोमवर आहे. सहाव्या आम्लासाठी डीएनएत जीएजी ही तीन अक्षरं हवीत तिथे जीटीजी असतात. त्यावरून एम-आरएनए ही नक्कल बनते, त्यात जीयूजी येतं, प्रोटीन जोडणारा रायबोसोम ते वाचून ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन जोडतो, बस्स एवढंच. मग ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकायला लागतात. हिमोग्लोबिनच वेगळं आहे हे लायनस पॉलिंग यांच्या टीमने १९४९ साली दाखवलं आणि नेमकं कुठलं आम्ल बदललंय ते व्हर्नन इंग्राम यांनी १९५७ पर्यंत शोधून काढलं.

हुशार मुलं इथे हमखास विचारतात, मॅडम, डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज तर प्रूफरीडिंग करतं ना, मग ही चूक दुरुस्त का होत नाही? मला हा प्रश्न फार आवडतो. पॉलिमरेज नवीन धागा जुन्या धाग्याशी ताडून बघतं, पण आईबापांकडून आलेल्या जुन्या धाग्यातच तो बदल असेल तर त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते, ते इमानदारीने तेच पुढे उतरवतं, दर वेळी.

आणि जीन एक्स्प्रेशनसाठी तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळी असते, जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचा जीन जवळजवळ बंद होतो आणि बीटाचा जोरात चालू होतो, म्हणूनच सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी बऱ्याच पेशंटमध्ये बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली, डीएनए कापून बदलणारी क्रिस्पर थेरपीसुद्धा गॅमाला दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए जीनचा रक्तपेशींमधला स्विच तोडते, म्हणजे बीटाचं अक्षर तसंच राहतं आणि बंद पडलेला जीन पुन्हा चालू होतो. खर्च मात्र लाखो डॉलर.

आपल्या हातात आहे ती तपासणी. नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे एएस (एक नेहमीचा जीन, एक सिकलचा) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस (दोन्ही जीन सिकलचे, म्हणजे आजार) असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. आणि एसएस बाळात एक एस आईकडून आणि एक बापाकडून येतो, तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणं साफ चूक आहे. हा आजार शिवल्याने, सोबत जेवल्याने पसरत नाही हेही सांगावं लागतं, वाईट वाटतं पण लागतं. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ चं टार्गेट आहे, पण वर्गात आणि हॉस्टेलवर कार्ड वाचणारं माणूसच नसेल तर काय उपयोग?

माझी कॉलेजांना विनंती आहे की हा धडा सिकलसेलवरून शिकवा, एक तास जास्त लागला तरी चालेल. हॉस्टेलच्या वॉर्डनना एएस आणि एसएस मधला फरक समजावून द्या, एसएस मुलांना हिवाळ्यात जादा पांघरूण, प्यायला भरपूर पाणी आणि दुखायला लागलं की लगेच दवाखाना एवढं तरी मिळू दे. आणि संपादक साहेब, आपल्या शिक्षणाच्या पानावर नीटच्या प्रश्नांसोबत हा विषय सोप्या मराठीत एकदा छापा, पेठ-सुरगाण्याच्या आवृत्तीत तर नक्कीच.

कळावे,
एक बायोलॉजी शिक्षिका, नाशिक