बुद्धांचे नवे काय?

संपादक महोदय,

बुद्धांच्या नीतिविचारात नवे काहीच नव्हते, अहिंसा, सत्य अशा सद्गुणांच्या याद्या आधीपासूनच होत्या, असे सांगणारा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आणि त्यावर आलेली संतप्त पत्रे वाचली. इतक्या वादात धर्मानंद कोसंबींचे नाव एकदाही निघू नये याचे नवल वाटले.

गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस श्रीलंकेत जाऊन भिक्षू झाला आणि पाली ग्रंथांत आयुष्य घालवले. त्यांच्या बुद्धभक्तीवर कोणी शंका घेणार नाही. तरीही 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या पुस्तकात, बुद्धांच्या नीतीचे मूळ जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चार यामांत, म्हणजे व्रतांत, आहे, असे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. छांदोग्य उपनिषदातही घोर आंगिरस ऋषी देवकीपुत्र कृष्णाला दान, आर्जव (म्हणजे सरळपणा), अहिंसा, सत्यवचन सांगतोच. खुद्द बुद्धांनीही, रानात बुजलेली जुनी वाट आणि त्या वाटेवरचे जुने नगर सापडलेल्या माणसाचा दाखला स्वतःबद्दल दिला आहे. तेव्हा सद्गुणांची यादी जुनी, हे लेखकाचे म्हणणे बिनतोड आहे.

पण म्हणून शिकवणच उसनी? दीघ निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातले कूटदंत सुत्त काढून पाहा. कूटदंत ब्राह्मणाने यज्ञासाठी बैल, बकरे, मेंढे शेकड्यांनी बांधून ठेवलेत आणि यज्ञ कसा करावा हे विचारायला तो गेला कोणाकडे, तर बुद्धांकडे! बुद्ध त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगतात. त्या राज्यात चोऱ्या-लुटालूट माजलेली. पुरोहित राजाला म्हणतो, मारझोड करून, बेड्या घालून हे थांबायचे नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरीतल्या माणसाला वेतन द्या. मग जो तो आपल्या कामाला लागतो आणि लोक घराची दारे उघडी टाकून राहू लागतात. चोरी करू नये, हे चोराला सगळ्यांनीच सांगितले होते. इथे मात्र आधी राजाला जाब विचारला आहे. लेखकाने दिलेल्या जुन्या याद्यांत मला तरी हे कुठे दिसले नाही.

तीच गोष्ट दीघ निकायातल्याच सिगाल नावाच्या तरुणाची. राजगृह नगरात ओलेत्याने सहा दिशांना हात जोडणाऱ्या या पोराला बुद्ध नमस्कार थांबव म्हणत नाहीत. पूर्व म्हणजे आईबाप, पश्चिम म्हणजे बायकामुले, असे सांगत ते खालच्या दिशेपर्यंत येतात, आणि ती दिशा म्हणजे गडीमाणसे. त्यांना झेपेल एवढेच काम द्यावे, जेवणखाण आणि मजुरी द्यावी, आजारपणात बघावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. (धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या भरपगारी रजेवरून आमच्या सोसायटीत अजून भांडणे होतात, ते असो.)

संतापलेल्या पत्रलेखकांनाही एक विचारायचे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी बुद्धांनी आधीच्या विचारांतले काय टाकले, काय बदलले आणि काय स्वीकारले, याची स्वतंत्र प्रकरणेच केली आहेत. १९५६ साली नागपुरात लाखोंना दीक्षा देणाऱ्या बाबासाहेबांना 'स्वीकारले' म्हणताना कमीपणा वाटला नाही. मग तो आपल्याला का वाटावा?

लेखकांनी पुढच्या लेखात छांदोग्याच्या शेजारी कूटदंत सुत्त ठेवून पुन्हा लिहावे, एवढी विनंती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

– एक वाचक, सातारा